तांडेलमावशीच्या खिडक्या

परवा मुलुंडच्या आमच्या घरातल्या सरकत्या खिडकीची काच तडकली. नवीन बसवायला आलेल्या माणसाने कडेने सिलिकॉनची रेघ ओढली, बोट पुसलं आणि म्हणाला, "मॅडम, आता बिनधास्त राहा. बघायलासुद्धा नको."

मी म्हटलं, "बघणार. ती रबराची पट्टी काढ, आत काय भरलंयस ते दाखव."

तो वैतागला. आतून नवऱ्याचा आवाज आला, "दाखव रे बाबा. तिच्या अंगात तांडेलमावशी आली."

ते खोटं नाही. माझी नोकरी विम्याचे दावे तपासायची, त्यामुळे संशय घेण्याचा मला पगार मिळतो. पण हे काम मी ऑफिसात शिकले नाही. अंधेरीला आमच्या समोरच्या खिडकीत राहणाऱ्या बाईकडून शिकले.

आमची इमारत अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाताना. दोन विंग समोरासमोर, मध्ये अरुंद चौक, जिना मात्र दोन्हींना एकच, त्यामुळे आमची दारंही समोरासमोर. दुसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्या बाहेरच्या खोलीची खिडकी इतक्या जवळ की तिने कालवणाला फोडणी दिली की ठसका मला लागायचा. मावशी मूळची मढची, कोळ्यांच्या घरातली. नवरा गोदीत होता. त्याने हयातीत हे घर घेतलं आणि काही वर्षांनी तो वारला. मुलगी लग्न होऊन उरणला. गुडघे चालत होते तोवर मावशी बाजारात मासे विकायला बसायची. बांधा दणकट, आवाज बाजारात कमावलेला, आणि कुणाशीही बोलताना एक डोळा बारीक करायची सवय. जणू एका डोळ्याने ऐकून घेतेय आणि दुसऱ्याने झडती.

आमचं घर सीकेपी, म्हणजे मासे खाणारं. इमारतीत राहायला आल्यावर मी पहिल्यांदा तिच्या पाटीसमोर उभी राहिले आणि विचारलं, "मावशी, पापलेट ताजं आहे ना?"

"मना काय इचारतंस? मी इकनारी. मी ताजाच सांगनार. गलफरं बग."

मी गलफड, म्हणजे माशाचा कल्ला, उचलून बघितलं. लाल होतं. म्हटलं, ताजं आहे.

"बोट फिरव," ती म्हणाली. "लाल काय, रंग लावून बी करतात."

मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. तेव्हा कुठे तिने पापलेट माझ्या पिशवीत टाकलं, आणि म्हणाली, "माज्यावर इस्वास ठेवू नको गो बाय. कुनावरच नको. इस्वास ठेवायचा नाय, बगायचं."

स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवू नका असं गिऱ्हाइकाला बजावणारी दुकानदार मी तरी दुसरी पाहिली नाही. तिची बाजारातली जागा यामुळेच मजबूत होती, आणि इमारतीतली यामुळेच डळमळीत.

कारण बाजारातला नियम तिने घरी आणला होता. दूध पिशवीतून पातेल्यात ओतताना ती धार निरखायची. मीटर बघायला माणूस आला की त्याच्या आधी हिने आकडा पाठ केलेला असायचा. बेल वाजली की आतून प्रश्न यायचा, "कोन?" आणि नाव सांगितलं तरी दुसरा, "बरोबर कोन?" दाराला कड्या तीन. माझ्या घरी चहाला आली तर कप हातात घेऊन आधी तळाशी बघायची. मी रागावायची नाही. मीही ऑफिसात लोकांच्या मोडलेल्या गाड्यांचे फोटो तसेच बघत होते.

पण तिचा इमारतीवरचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे सांगायला हवं. ती राहायला आली त्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला होता की जिन्याने माशांच्या पाट्या आणू नयेत, वास येतो. ठराव वाचून दाखवला होता सेक्रेटरी दामल्यांनी. ठराव बारगळला, कारण निम्मी इमारत तिच्याकडूनच मासे घेत होती. पण दामल्यांचा आवाज मावशीच्या कानातून गेला नाही. दामले नेमके तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत. निवृत्त, एकटे, शाकाहारी, सावकाश बोलणारे. ते जिन्यात भेटून "काय मावशी, बरं ना?" म्हणाले, की मावशी घरी येऊन मला खिडकीतून विचारायची, "आज बरं कशाला इचारलं त्यानं?"

खिडक्यांचं प्रकरण सुरू झालं ते अ‍ॅल्युमिनियमवरून. सगळ्या इमारतीने जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या बसवल्या. फक्त मावशीच्या लाकडी राहिल्या, चौकटीत लहान लहान काचा बसवलेल्या. दामले समजवायला गेले. मी तिथेच होते, कोलंबी निवडून घेत.

"मावशी, सरकती बरी. लाकूड कुजतं. ती एका बोटाने सरकते."

"आतून सरकते ना?"

"हो."

"मंग भायेरून बी सरकते."

"दुसऱ्या मजल्यावर बाहेरून कोण सरकवणार?"

"ते तुमाला ठावं," मावशी म्हणाली, आणि एक डोळा बारीक केला. दामले बिचारे कोलंबीकडे न बघता निघून गेले.

मग एका वादळी संध्याकाळी तिच्या खिडकीचं दार आपटलं आणि एक काच गेली. आमच्या गल्लीतला निजाम काचवाला आला. म्हणजे आधी मावशी त्याच्या दुकानात गेली. काच आडवी धरून तिची कड बघितली, उजेडात धरून आरपार बघितलं, मग मुलीची राहिलेली नेलपॉलिशची बाटली कनवटीतून काढून काचेच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला. निजाम काच वर्तमानपत्रात गुंडाळून मागून आला, तर दारातच कागद सोडायला लावून तिने ठिपका तपासला.

निजाम म्हणाला, "मौसी, काँच है, मछली नहीं. रास्ते में कौन बदलेगा?"

"मासा बी रस्त्यात कुनी बदलत नाय, असंच सगले सांगतात," मावशी म्हणाली आणि त्याच्या समोर स्टूल मांडून बसली.

काच चौकटीत बसवायची तर कडेने लांबी भरतात. खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून केलेला तो पांढरा गोळा निजामने पिशवीतून तयार आणला होता. मावशीने तो घेतला, वास घेतला, दोन बोटांत चुरगळला आणि परत त्याच्या पिशवीत टाकला. "तेल खोटं हाय," म्हणाली. मग आतून एक डबा आणला. तो उघडल्याबरोबर निजामने रुमाल नाकाला लावला आणि मी समोरच्या खिडकीतून मान मागे घेतली.

ते मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल होतं. मढला तिचा भाऊ नारायण होडी चालवायचा. मुशी सापडली की तिचं काळीज उकळून तेल काढायचं आणि होडीच्या लाकडाला चोळायचं, ही त्यांच्या बापापासूनची रीत. भाऊ डबा भरून पाठवायचा. मावशीने पाटावर खडूची पूड घेतली, मध्ये आळं केलं, तेल ओतलं आणि भाकरीचं पीठ मळावं तसा गोळा मळला.

"माज्या बापाच्या होरीत कंदी पानी शिरलं नाय," ती निजामला म्हणाली. "लाव."

निजामने काच टेकवली आणि ती धरून ठेवायला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायला घेतल्या. मावशीने हातोडी धरली. लोखंड गंजतं, आणि ठोकताना काच आतून दुखावते, वर दिसत नाही, असं तिचं म्हणणं. खिळे ठोकले नाहीत. निजामने अंगठ्याने लांबी दाबली, पत्र्याने तिरकी कापली आणि निघताना सांगितलं, "मौसी, सूखने के बाद रंग मार देना. नहीं तो टिकेगा नहीं."

"रंग मारला की खालचं दिसत नाय," मावशी म्हणाली. "गलफराला बी रंगच मारतात."

लांबीवर रंग मारला गेला नाही. त्या आठवड्यात चौकाच्या दोन्ही बाजूंनी लोक एकमेकांना विचारत होते की बोंबील कुणी वाळत घातलेत.

आणि मग एका सकाळी ती नवी काच आपोआप निखळून खाली पडली. वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीशेजारी तिचे तुकडे झाले. वॉचमन पाणी भरायला गेला होता म्हणून वाचला. निजाम पुन्हा आला, पुन्हा ठिपका, पुन्हा स्टूल, पुन्हा मुशीचं तेल. थोड्या दिवसांनी दुसरीही गेली. चौकटीवर लांबीचे फक्त ओरखडे उरले होते, कुणीतरी चाकूने खरवडल्यासारखे.

या वेळी दामले आले ते बसले नाहीत.

"मावशी, खाली माणसं चालतात. कुणाच्या डोक्यात काच पडली तर मी काय सांगू? आता आणखी एक पडली, तर सोसायटी तुमच्या खिडक्या काढून सरकत्या बसवेल. मग माझ्यावर रागावू नका."

ते गेल्यावर मावशीने खिडकीतून मला हाक मारली. मी भांडी घासत होते. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, म्हणून मी नळ बंद केला.

"बगितलंस ना ओरखडे? वरून काठी सोरून खरवडतो तो. मना हाकलायचं हाय."

"मावशी, दामले? त्यांना बाटलीचं झाकण उघडत नाही."

"माशाचा वास नको होता, तो हाच ना? बाय, ऐक. जी खिरकी भायेरून सरकते ते घर माजं नाय. ती बसली की मी हे घर इकनार आनि मढला जानार."

"भावाकडे?"

तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भावजयीच्या घरात माजी एक खाट बी नाय गो. पन जितं कुनाचा सबूद धरता येत नाय, तितं राहून काय करू?"

मी तिला ओळखत होते. ती बोलली म्हणजे करणार होती. नवऱ्याने घेतलेलं घर, तीन कड्यांचं दार, सगळं तिसऱ्या काचेवर टांगलेलं होतं.

तिसरी काच बसवल्यावर तिने पाळत सुरू केली. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर तांदळाचं पीठ भुरभुरलं, काठीची खूण उमटावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. पिठात स्पष्ट खुणा होत्या, तीन बोटं पुढे, एक मागे.

"मावशी, हे कावळ्याचे पाय आहेत."

"दिसतंय मना."

"मग?"

"दामले शिकलेला मानूस हाय," ती म्हणाली. "आपली खून पुसली आनि वर कावल्याचे पाय कारले."

मला हसू आलं नाही, कारण कोपऱ्यातली लांबी पुन्हा खरवडलेली होती आणि काच बोटाने हलत होती. मी ठरवलं, दावा आला की जागेवर जाऊन बघतो तसं बघायचं. सकाळचा चहा खिडकीशी उभी राहून घ्यायला लागले. फार वाट बघावी लागली नाही. उजाडल्यावर वरच्या मजल्यावरून दामल्यांचा हात बाहेर आला आणि त्यांनी कठड्यावर पोळीचे तुकडे ठेवले. वडील गेल्यापासून ते रोज ठेवत. कावळे आले, पोळी संपवली, आणि त्यातले दोन खाली मावशीच्या कठड्यावर उतरले. एकाने चोच तिरकी करून लांबीचा लचका काढला, गिळला, आणि पुन्हा वाकला. दुसरा खालच्या कडेने निघाला, अगदी पद्धतशीर. मुशीचं तेल! त्यांना तर मेजवानीच होती ती.

मी मावशीला हाक मारून दाखवलं. तिने बघितलं. पूर्ण बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मला वाटलं, सुटलं प्रकरण.

"कावल्यांना पोलीची सवय कुनी लावली?" ती म्हणाली.

"दामल्यांनी, पण..."

"मंग? मी काय बोलत होते?"

यात तथ्य नव्हतं असं म्हणता येईना. कावळे त्यांनी बोलावले होते आणि ताट हिने वाढलं होतं. मी म्हटलं, परीक्षा करू. निजामकडून बाजारातल्या लांबीचा गोळा मागवला. एका फळीच्या या टोकाला तो ठेवला, त्या टोकाला मावशीचा, आणि फळी कठड्यावर. आम्ही दोघी पडद्याआड. कावळा आला, निजामच्या गोळ्याला चोच लावली, मान झटकली आणि सरळ मावशीच्या गोळ्याकडे गेला. तिथून हलला नाही.

"पटलं?" मी विचारलं.

मावशी उठली. निजामचा गोळा मुठीत घेतला आणि जिना चढून दामल्यांच्या दारात गेली. मी मागून धावले. मला वाटलं माफी मागतेय. दामल्यांनी दार उघडलं तसा तिने तो गोळा त्यांच्या नाकासमोर धरला.

"बगा! सगल्या इमारतीच्या जुन्या खिरक्यांना हीच लांबी लावलीत तुमी. कावला बी खात नाय हिला. एवरी खोटी!"

दामले गोळ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी मान हलवली, म्हणजे नंतर सांगते.

"आनि पोली गच्चीवर टाका उद्यापासून," मावशी म्हणाली आणि उतरली.

दामल्यांनी दुसऱ्या दिवसापासून पोळी गच्चीवर ठेवायला सुरुवात केली. पण कावळ्यांना चव कळली होती. रंगाशिवाय उपाय नव्हता, आणि रंगाचं नाव काढलं की मावशी गलफड काढायची. शेवटी मी विचारलं, "मावशी, मला एक सांग. तुझ्या बापाच्या होडीला रंग नव्हता?"

कोळ्याच्या होडीला रंग नसतो कधी?

"होता," ती म्हणाली. "बाप लावायचा. पन आदी सगल्या फटीवरून मी बोट फिरवायची. मी बोलले की लाव, मंगच लावायचा."

"मग आता तूच बोट फिरव, तूच लाव. मध्ये कुणी नको."

तिने दोन दिवस विचार केला. मग भावाला फोन केला आणि होडीचा उरलेला रंग मागवला. एका सकाळी क्रीम रंगाच्या त्या सरळ इमारतीत एका खिडकीच्या चौकटी हिरव्यागार झाल्या, कडेला लाल पट्टी. लांबीवरही रंग बसला. फक्त प्रत्येक काचेचा एक कोपरा, अंगठ्याएवढा, तिने उघडा सोडला. खाली काय चाललंय ते बघायला.

दामले चौकात उभे राहून वर बघत होते. मावशी ब्रश घेऊन खिडकीत, भांडणाच्या तयारीत.

"सोसायटीचा रंग क्रीम आहे, मावशी," दामले म्हणाले.

"मंग?"

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. "काच हलत नाही ना आता?"

"हात लावून बगा."

"नको. तुम्ही बघितली ना? मग राहू द्या."

ते आत गेले. मावशी ब्रश हातात धरून तशीच उभी. मग माझ्याकडे वळून कुजबुजली, "एवऱ्यात कसा मानला गो? कायतरी हाय त्याच्या पोटात."

तिसरी काच पडली नाही. उघड्या कोपऱ्यांतली लांबी कावळे अधूनमधून खात आणि ती अधूनमधून भरत राही. सरकती खिडकी आली नाही, घर विकलं गेलं नाही. पण संशय काही उतरला नाही. दामले ज्या अर्थी गप्प आहेत त्या अर्थी मोठं काहीतरी शिजतंय, असं ती मला महिन्याकाठी सांगायची.

मग मढहून फोन आला की नारायण गेला. झोपेतच. मावशी रडलेली मी पाहिली नाही. तिने पातळ बदललं, गॅसची कळ बंद केली, परत जाऊन बघितली, आणि माझ्या दारात येऊन चावी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा ती ही चावी दुसऱ्याला देत होती.

"दहावं-बारावं उरकून येते. तवर तुज्याकडं."

"काही पाणी घालायचं, झाडू मारायचा?"

"कायपन नाय. उगरायचं नाय."

ती जिना उतरली आणि माझं तिच्या दाराकडे लक्ष गेलं. कुलुपाच्या भोकावर तिने लांबीचा गोळा थापला होता आणि त्यावर आपला अंगठा उमटवला होता. चावी मला दिली होती आणि भोक बंद केलं होतं. मला राग यायला हवा होता. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो.

मढहून कुणी ना कुणी फोन करून मावशी बरी आहे एवढंच सांगायचं, ती स्वतः फोनवर बोलली नाही. तिच्या खिडक्या बंद होत्या. रविवारी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोर तिच्या दाराच्या कडीवर कावळा. जिन्याच्या जाळीतून आत आला असणार. त्याने गोळ्याचा एक लचका काढला, माझ्याकडे बघितलं, आणखी एक काढला. मी "हाऽ" केलं तर कठड्यापर्यंत गेला आणि परत आला. तेवढ्यात दामले पेपर आणायला वरून उतरत होते, तेही पायरीवर थांबले. आमच्या दोघांच्या देखत त्याने अंगठ्याचा ठसा पार संपवला, चोच कडीवर घासली आणि जाळीतून गेला.

कुलुपाचं भोक उघडं पडलं. चावी माझ्याकडे.

दामले सावकाश म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आणि मी, दोघंही गेलो."

"आपण खरं सांगायचं," मी म्हटलं.

"तेच तर कठीण आहे," दामले म्हणाले. "कावळ्याने खाल्लं, असं सांगायचं?"

पुढच्याच आठवड्यात मावशी आली. पायऱ्या चढताना दोनदा थांबली. मी चावी घेऊन दारात उभीच होते. तिने आधी कुलूप बघितलं, मग मला. डोळा बारीक झाला.

"कुनी उगरलं?"

"कुणी नाही. तुझी लांबी कावळ्याने खाल्ली."

"तू बगितलंस?"

"बघितलं."

"कंदी?"

"रविवारी. सकाळी, दूध घेताना."

यावर ती भिंतीला टेकली. मग एकेक प्रश्न, वकील विचारतो तसा. एकच कावळा का दोन? एकच. खाल्लं, का नुसतं उडवलं? खाल्लं. हाकलला का? हाकलला, तरी परत येऊन खाल्लं. आणखी कुणी बघितलं? दामल्यांनी.

"तू हितंच थांब. वर येऊ नको," ती म्हणाली आणि तसल्या गुडघ्यांनी एक मजला चढली. दामल्यांचं दार वाजलं. मला खाली सगळं ऐकू येत होतं, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. कंदी? रविवारी. किती होते? एक. खाल्लं का? दामल्यांचा तो सावकाश आवाज, "खाल्लं, मावशी. पूर्ण. मी बघत होतो."

दार लागल्याचा आवाज आला नाही. ती खाली आली आणि माझ्या दारापुढच्या पायरीवर बसली. पाणी दिलं तर या वेळी पेल्याचा तळ बघितला नाही.

"रविवारी दहावा होता," ती म्हणाली. "खाडीवर पिंड ठेवला. एक कावला येईना. भावाच्या पोरानं सांगितलं, होरी इकनार नाय. नाय आला. भावजयीला बगतो बोलले. नाय आला. कावले वर बसलेले, बगत. उन्हं चरली. मग भटजीनं दर्भाचा कावला केला आनि लावला पिंडाला. झालं बोलला." तिने पेला खाली ठेवला. "गवताचा कावला! मी नाय मानत गो. सगले उठले, मी नाय उठले. माजा भाऊ उपाशी गेला, असंच धरून आले मी हितं."

मी तिचा पेला पुन्हा भरला.

"ते तेल त्याच्या हातचं होतं," मावशी म्हणाली. "मुशी त्यानंच धरलेली." मग एकदम मान वर करून माझ्याकडे बघितलं, डोळा पुन्हा बारीक. "तू आनि दामला, दोघांनी आदी बोलून ठेवलं नाय ना?"

"काय बोलून ठेवणार? दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही हे आम्हाला कुठे माहीत होतं, मावशी? आम्हाला भीती होती ती चोरीच्या आळाची."

तिने ते उलटंपालटं करून बघितलं. मासा या कुशीवरून त्या कुशीवर करतात तसं.

"हां," ती म्हणाली. "तुमाला ठावं नव्हतं." मग जरा वेळाने, "दामला बी एकच बोलला. खाल्लं बोलला. मंग धरायला हरकत नाय."

गुडघ्यावर हात ठेवून उठली, माझ्याकडून चावी घेतली, दार उघडून आत गेली. आतून कड्या लागल्या, तिन्ही. पाठोपाठ भांडी हलवल्याचा आवाज. मोजत होती.

त्याच महिन्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मुलुंडला आलो. नंतर फोन होत राहिले, पण मावशीला पाहिलं ते शेवटचं, सामान निघालं त्या सकाळी. ओट्यावरची फडकी गोळा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. समोर हिरव्या चौकटीची दारं उघडी होती. मावशी डबा तिरका धरून तळाचं तेल बोटाने निपटत होती आणि काचांचे ते अंगठ्याएवढे कोपरे भरत होती. भरून झाल्यावर मागे सरून उभी राहिली. कठड्यावर कुणी नव्हतं. कावळे वर गच्चीवर गेले होते, पोळीला.

तिने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि बाजारातल्या आवाजात वर हाक मारली.

"ओ दामले! गच्चीवर कशाला घालता? हितं घाला ना, तुमच्या खिरकीत. म्हंजे खाली बी उतरतील."

वरची खिडकी सरकली. थोड्या वेळाने दामल्यांचा हात बाहेर आला, हातात पोळी.

मावशीने मान वाकडी करून पोळीकडे बघितलं. एक डोळा बारीक केला.

"शिली नाय ना?"